रायडिंग लॉनमोअर सुरू होत नाही किंवा बॅटरी चार्ज होत नाही : दोष शोधण्याची पद्धत

बसून चालवायचा लॉनमोअर किल्ली फिरवूनही सुरू झाला नाही, की ‘बॅटरी गेली’ हा निष्कर्ष सर्वांत आधी काढला जातो. नवी बॅटरी बसवली जाते, यंत्र काही दिवस नीट चालते आणि पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. मग सोलेनॉइड (स्टार्टरला मोठा प्रवाह जोडून देणारा विद्युत स्विच) बदलला जातो, त्यानंतर स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर), आणि एवढा खर्च झाल्यावर लक्षात येते की मूळ दोष चॅसीला नीट न टेकलेल्या अर्थच्या केबलमध्ये होता. या यंत्राची विद्युत रचना मोटारगाडीच्या मानाने फारच साधी असते आणि एका साध्या डिजिटल मल्टिमीटरने तिच्यातील बहुतेक दोष कोणताही भाग विकत घेण्याआधीच निश्चित करता येतात. त्यामुळे पुढे जे काही सांगितले आहे त्यामागे एकच आग्रह आहे : आधी मोजावे, मगच बदलावे.

काम सुरू करण्यापूर्वी दोन सर्किट वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत. पहिले सर्किट इंजिन फिरवण्याचे. त्यात बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जाड केबल सोलेनॉइडपर्यंत जाते, तेथून स्टार्टरकडे जाते, आणि स्टार्टरच्या बॉडीतून इंजिन व चॅसीमार्गे प्रवाह बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. सोलेनॉइडला ओढण्यासाठी लागणारा लहानसा प्रवाह मात्र फ्यूज, किल्लीचा स्विच आणि सुरक्षा स्विचांच्या साखळीतून येतो. दुसरे सर्किट चार्जिंगचे. फ्लायव्हीलच्या आतील बाजूस चुंबक बसवलेले असतात, त्यांच्या आत स्टेटरची स्थिर वेटोळी असतात, आणि त्यांच्यात निर्माण होणारा एसी प्रवाह रेग्युलेटर-रेक्टिफायरमधून डीसी होऊन बॅटरीला मिळतो. ही दोन्ही सर्किट बॅटरीपाशी एकत्र येत असल्यामुळे एका सर्किटचा दोष दुसऱ्यात दिसतो. शिवाय बहुतेक पेट्रोल इंजिनांत ठिणगी मॅग्नेटो कॉइल देते, ती बॅटरीवर अवलंबून नसते. म्हणून चार्जिंग बंद पडले तरी इंजिन चालूच राहते आणि दोष कळतो तो पुढच्या वेळी किल्ली फिरवल्यावर.

सुरक्षिततेची पूर्वतयारी

यंत्र सपाट जागेवर उभे करून पार्किंग ब्रेक लावावा, पात्यांचा क्लच बंद ठेवावा आणि किल्ली काढून घ्यावी. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह केबल आधी काढावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी, कारण पॉझिटिव्हच्या बोल्टवरील पान्हा चुकून चॅसीला टेकला तर निगेटिव्ह जोडलेली असताना थेट शॉर्ट होते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून जवळपास ठिणगी किंवा ज्योत नको, जागा हवेशीर हवी आणि डोळ्यांवर चष्मा हवा. इंजिन नुसते फिरवून मापे घ्यायची असतील तेव्हा स्पार्क प्लगची टोपी काढून ती इंजिनच्या धातूला अर्थ करावी; दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही टोप्या काढाव्यात.

एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. सीटखालचा, ब्रेकचा किंवा पात्याचा सुरक्षा स्विच तपासणीपुरता मीटरने जरूर पाहावा, पण तारेचा तुकडा घालून तो कायमचा निकामी करू नये. चालक सीटवरून उठताच किंवा पडताच पाते थांबावे यासाठीच तो स्विच दिलेला आहे. तसेच सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडून इंजिन सुरू करण्याची प्रचलित युक्ती टाळावी, कारण त्या वेळी सर्व सुरक्षा स्विच वगळले जातात आणि यंत्र गिअरमध्ये असेल तर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येऊ शकते.

बॅटरीचे खरे आरोग्य

तपासणीची सुरुवात बॅटरीपासूनच करावी, परंतु नुसते ‘बारा व्होल्ट दाखवते’ म्हणून समाधान मानू नये. काही तास स्वस्थ ठेवलेल्या, पूर्ण चार्ज लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट मिळतात. १२.४ व्होल्ट म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, आणि १२ च्या खाली गेलेली बॅटरी बहुतांशी रिकामी समजावी. म्हणजेच नेमके १२.० हे माप चांगले नसून काळजीचे आहे. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीवर मिळणारे जादा व्होल्ट फसवे असतात, म्हणून काही तास थांबावे किंवा दोन-तीन मिनिटे हेडलाइट लावून मग मोजावे. बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा असतो. पूर्ण चार्जिंगनंतरही माप साडेदहा व्होल्टच्या आसपासच अडकत असेल तर एक सेल मृत झाला आहे आणि त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवण्यात अर्थ नाही.

स्वस्थ अवस्थेतील व्होल्टवरून चार्ज किती आहे हे कळते, बॅटरीची ताकद कळत नाही. ती कळण्यासाठी मीटरच्या पिना बॅटरीच्या टर्मिनलवर धरून दुसऱ्या व्यक्तीला किल्ली फिरवायला सांगावे. इंजिन फिरत असताना माप साधारण दहा व्होल्टच्या वर राहिले पाहिजे. १२.६ दाखवणारी बॅटरी स्टार्टर लागताच सहा-सात व्होल्टवर कोसळत असेल, तर बहुधा तिच्या आतील प्लेटांवर सल्फेट जमले आहे. मात्र अडकलेले इंजिन किंवा शॉर्ट झालेला स्टार्टरही बॅटरीला असेच खाली खेचतो, म्हणून शंका असल्यास चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी १२ व्होल्टची बॅटरी लावून हीच चाचणी पुन्हा करावी.

या यंत्रांच्या बॅटरीचे टर्मिनल बहुधा भोक असलेल्या चपट्या पट्टीचे असतात आणि केबलची लग (टोकाची धातूची कडी) लहान नट-बोल्टने तिथे आवळलेली असते. इंजिनच्या थरथरीने हा नट ढिला होतो. लग बोटांनी हलवून पाहावी. किंचित जरी हलली तरी तो जोड बिघडलेला समजावा. पांढरा-हिरवा खार दिसत असेल तर केबल सोडवून, खाण्याच्या सोड्याचे पाणी लावून, वायर ब्रशने धातू चकचकीत होईपर्यंत घासावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या सेलमध्ये मात्र जाऊ देऊ नये. त्यानंतर लगेजवळचे रबराचे आवरण थोडे मागे सारून आतील तारा पाहाव्यात. वरून नवीकोरी दिसणारी केबल आत काळी-हिरवी पडून ठिसूळ झालेली असते, असे वारंवार दिसते. अशी केबल साफ करून उपयोग नसतो, ती बदलावी लागते. जोड घट्ट आवळल्यानंतर वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा.

रिकामी बॅटरी चार्ज करताना २ ते ६ अँपिअरचा चार्जर पुरेसा असतो. गाडीच्या मोठ्या चार्जरचा जलद चार्जिंगचा पर्याय या लहान बॅटरीला झेपत नाही. गाडीच्या बॅटरीवरून जंप देणे अगदीच आवश्यक असेल तर गाडीचे इंजिन बंद ठेवावे.

किल्ली फिरवल्यावर काय घडते?

बॅटरी चांगली असल्याची खात्री झाली की किल्ली फिरवून काय ऐकू येते याकडे लक्ष द्यावे, कारण आवाजावरूनच निम्मे काम होते.

काहीच घडत नसेल तर दोष लहान प्रवाहाच्या वाटेत आहे. फ्यूज काढून मीटरच्या कंटिन्युइटीवर (वाट अखंड आहे का हे दाखवणाऱ्या चाचणीवर) तपासावा, कारण डोळ्यांना अखंड दिसणारा फ्यूजही कधी कधी तुटलेला असतो. त्याच्या होल्डरमधील गंजही पाहावा. नंतर सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवर मीटर लावून किल्ली स्टार्टवर धरावी. तेथे जवळपास बॅटरीइतके व्होल्ट येत असतील आणि तरीही सोलेनॉइड ‘टक’ करत नसेल, तर त्याचे अर्थिंग आधी तपासावे. तीन टर्मिनलच्या सोलेनॉइडला अर्थ त्याच्या बॉडीतून मिळते, तेव्हा त्याच्या बुडाचा रंग किंवा गंज आड येतो. चार टर्मिनलच्या सोलेनॉइडमध्ये दुसरे लहान टर्मिनल स्वतंत्र तारेने अर्थला जाते, आणि काही यंत्रांत सुरक्षा स्विच याच अर्थच्या बाजूला बसवलेले असतात. ही शक्यता लक्षात न घेतल्यामुळे चांगले सोलेनॉइड फेकले जातात. अर्थही नीट असेल तर सोलेनॉइडच खराब आहे.

लहान टर्मिनलवर व्होल्ट येतच नसतील तर उलट दिशेने, म्हणजे सोलेनॉइडकडून किल्लीकडे, एकेक जोड तपासत जावे. ब्रेक पूर्ण दाबला गेला आहे का, पात्यांची कळ पूर्ण बंद आहे का, हे आधी पाहावे. पेडलची तार सैल झाल्यामुळे स्विचची कळ एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने अपुरी दाबली जाणे हे नेहमीचे कारण आहे. संशयित स्विचचा कनेक्टर काढून, कळ हाताने दाबून व सोडून कंटिन्युइटी बदलते का ते मीटरवर पाहिले की शंका उरत नाही. सीटखालच्या कनेक्टरमध्ये पाणी आणि गवताचा भुसा साचतो, तोही उघडून साफ करावा.

भराभर ‘टकटकटक’ असा आवाज येत असेल तर सोलेनॉइडला ओढण्यापुरते व्होल्ट आहेत, पण स्टार्टरचा भार पडताच ते कोसळतात. कारण बहुधा अर्धवट चार्ज असलेली बॅटरी किंवा खराब जोड हेच असते. एकच ठोस ‘टक’ येऊन शांतता पसरत असेल तर सोलेनॉइडचे आतील संपर्क जळलेले असू शकतात, जाड केबलमध्ये अडथळा असू शकतो किंवा स्टार्टर अडकलेला असू शकतो. या तिन्हींतला नेमका दोष ओळखण्याची पद्धत प्रत्येकाने शिकून घ्यावी, कारण तिच्यामुळे सर्वाधिक पैसे वाचतात.

व्होल्टेज ड्रॉपची चाचणी

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरी स्टार्टरच्या जाड बोल्टवर धरून इंजिन फिरवावे. या वेळी मीटर जे माप दाखवतो तेवढे व्होल्ट वाटेत वाया जात आहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंतचे माप चालते. एक-दोन व्होल्ट दिसत असतील तर ती वाट सदोष आहे. मग हीच चाचणी तुकड्यातुकड्याने करावी : बॅटरीचे टर्मिनल आणि तिच्यावरची लग, केबलची दोन टोके, सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट. चांगल्या सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये प्रवाह वाहत असताना साधारण ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसतो. तेथे एक व्होल्ट मिळाला तर दोषी भाग सापडला. सोलेनॉइडने टक केल्यावरही दोन बोल्टांमध्ये पूर्ण बारा व्होल्ट दिसत असतील तर आतील संपर्क जुळतच नाहीत.

यानंतर अर्थची बाजू तपासावी, आणि ही बाजू हमखास विसरली जाते. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी स्टार्टरच्या बॉडीवर धरून इंजिन फिरवावे. येथे ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी माप हवे. माप जास्त असेल तर निगेटिव्ह केबल चॅसीला जिथे आवळली आहे तो बोल्ट काढून, खालचा रंग व गंज पॉलिश पेपरने घासून, जोड पुन्हा घट्ट करावा. इंजिन आणि चॅसी यांच्यामधील बोल्टांवरही अशीच कारवाई करावी. प्रवाह वाहत नसताना यातला कोणताही जोड मीटरवर निर्दोषच दिसतो, म्हणून ही चाचणी इंजिन फिरवत असतानाच करावी लागते.

दोन्ही बाजू शुद्ध असतील, स्टार्टरच्या बोल्टवर दहा व्होल्टच्या वर पोहोचत असतील आणि तरीही स्टार्टर फिरत नसेल, तेव्हाच स्टार्टर काढावा. त्याचे झिजलेले कार्बन ब्रश अनेकदा बदलता येतात. स्टार्टर नुसता घूं करून फिरत असेल आणि इंजिन फिरवत नसेल, तर त्याचा सरकणारा लहान गिअर दांड्यावर गंज किंवा घाण साचून अडकला आहे. तो साफ करून कोरडे वंगण द्यावे, जाड ग्रीस लावल्यास धूळ चिकटून तो पुन्हा अडकतो. एका वेळी स्टार्टर पाच ते दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान एक मिनिट थांबावे.

इंजिन अर्धा फेरा फिरून ठेच लागल्यासारखे थांबते, हा प्रकार सर्वाधिक दिशाभूल करणारा आहे. पाहणाऱ्याला वाटते बॅटरी कमी पडते आहे. प्रत्यक्षात या इंजिनांत सुरू होताना कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) थोडे सोडण्याची यांत्रिक सोय असते आणि ती व्हॉल्व्ह अगदी किंचित उचलून काम करते. व्हॉल्व्हमधील अंतर झिजेमुळे वाढले की ते किंचित उचलणे त्या अंतरातच संपते, पूर्ण कॉम्प्रेशन स्टार्टरवर येते आणि तो हरतो. स्पार्क प्लग काढल्यावर इंजिन सुसाट फिरत असेल आणि व्होल्टची सगळी मापे योग्य असतील, तर झाकण उघडून व्हॉल्व्हचे अंतर फीलर गेजने मोजावे आणि त्या इंजिनच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे जुळवावे. हे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, त्यामुळे नजरेच्या अंदाजाने ते जुळत नाही. मात्र त्याआधी ऑइलची कांडी हुंगून पाहावी. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल तर कार्ब्युरेटरची सुई गळून सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेले असू शकते. अशा वेळी स्टार्टरचा जोर लावल्यास इंजिनचे मोठे नुकसान होते. आधी सुईचा दोष दूर करून ऑइल बदलावे.

इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही, तेव्हा किल्ली ऑनवर आणताच कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या, पेट्रोलची वाट उघडणाऱ्या इंधन सोलेनॉइडचा बारीक ‘टिक’ येतो का ते ऐकावे. त्याला बॅटरीचा प्रवाह लागतो. मॅग्नेटोच्या कॉइलकडे जाणारी इंजिन बंद करण्याची तार फक्त अर्थ होण्यासाठी असते. तिला चुकूनही १२ व्होल्ट देऊ नयेत, कॉइल तत्काळ जळू शकते.

चार्जिंगची तपासणी

येथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. स्टार्टर १०० अँपिअर घेत पाच सेकंद फिरला तर ५०० अँपिअर-सेकंद खर्च होतात. केवळ ३ अँपिअरची चार्जिंग व्यवस्थाही हा खर्च तीन-चार मिनिटांत भरून काढू शकते. त्यामुळे ‘थोडाच वेळ गवत कापले, म्हणून बॅटरी भरली नाही’ हे स्पष्टीकरण सहसा टिकत नाही. चांगली बॅटरी दोन-तीन वापरांत उतरत असेल तर चार्जिंग बंद आहे किंवा प्रवाह कुठेतरी गळतो आहे.

बॅटरीचे स्वस्थ माप लिहून ठेवावे, मग पाते बंद ठेवून इंजिन पूर्ण थ्रॉटलवर चालवावे आणि पुन्हा मोजावे. रेग्युलेटर असलेल्या यंत्रात माप १३.५ ते १४.७ व्होल्टच्या दरम्यान चढले पाहिजे. ते आधीएवढेच राहिले किंवा हळूहळू घसरत गेले तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरी उकळून संपवील. ही तपासणी मंद गतीवर करू नये, कारण स्टेटरचे उत्पादन फेऱ्यांच्या गतीवर अवलंबून असते. चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून ‘चार्जिंग आहे का’ पाहण्याची पद्धत तर पूर्णपणे सोडून द्यावी. तिने चांगला रेग्युलेटर खराब होऊ शकतो.

चार्जिंग होत नसल्यास आधी वाट तपासावी. इंजिन बंद, किल्ली ऑन, आणि रेग्युलेटरपासून बॅटरीकडे जाणाऱ्या तारेच्या कनेक्टरवर मीटर. पुष्कळ यंत्रांत ही तार किल्लीच्या स्विचमधून आणि फ्यूजमधून जाते, त्यामुळे तेथे बॅटरीचे व्होल्ट दिसले नाहीत तर दोष स्विचमध्ये, फ्यूजमध्ये किंवा वितळलेल्या कनेक्टरमध्ये आहे. रेग्युलेटर निर्दोष असू शकतो. बरेच रेग्युलेटर बॅटरीचे व्होल्ट जाणवल्याशिवाय काम सुरूच करत नाहीत, म्हणून पूर्ण मृत बॅटरी लावून चार्जिंग तपासू नये. रेग्युलेटरची धातूची बॉडी हीच अनेकदा त्याची अर्थ असते. त्याचे स्क्रू काढून टेकण्याची जागा घासून स्वच्छ केल्यावर ‘मेलेले’ रेग्युलेटर पुन्हा चार्ज करू लागतात.

वाट नीट असेल तर स्टेटर पाहावा. रेग्युलेटरला जाणाऱ्या दोन एसी तारांचा कनेक्टर काढून, मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन पूर्ण गतीवर चालवावे. १५-१६ अँपिअरच्या व्यवस्थेत २८ ते ३० व्होल्ट एसीच्या आसपास माप मिळते, लहान व्यवस्थेत ते कमी असते; नेमका आकडा इंजिनच्या पुस्तिकेतून घ्यावा. एसी योग्य असूनही डीसी चार्जिंग नसेल तर रेग्युलेटर दोषी. एसीच मिळत नसेल तर इंजिन बंद करून दोन तारांमधील रोध मोजावा, तो एक ओहमपेक्षा बराच कमी असतो. कोणत्याही एका तारेपासून इंजिनच्या धातूपर्यंत मात्र कंटिन्युइटी मिळता कामा नये. ती मिळाली तर स्टेटर अर्थ झाला आहे. मापे योग्य असून उत्पादन नसेल तर फ्लायव्हील काढून चुंबक सुटले आहेत का ते पाहावे. फ्लायव्हीलच्या आच्छादनाखाली उंदीर घर करतात आणि स्टेटरच्या तारा कुरतडतात, म्हणून ते आच्छादन उघडण्याचा कंटाळा करू नये.

जुन्या किंवा लहान यंत्रांत रेग्युलेटर नसतो, तारेत केवळ एक डायोड असतो. मीटरच्या डायोड-चाचणीत एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट आणि उलट दिशेने काहीच नाही, असे दिसले तर तो चांगला. दोन्ही दिशांनी माप सारखेच येत असेल तर बदलावा.

चार्जिंगची सर्व मापे योग्य असूनही उभ्या यंत्राची बॅटरी उतरत असेल तर गळती शोधावी लागते. किल्ली बंद करून, निगेटिव्ह केबल काढून, मीटर अँपिअरच्या मोठ्या रेंजवर ठेवून तो केबल व टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा. या स्थितीत किल्ली अजिबात फिरवू नये, स्टार्टरचा प्रवाह मीटर जाळून टाकतो. तास-मीटर किंवा तत्सम उपकरणासाठी काही मिलिअँपिअर जात असतील तर हरकत नाही. शेकडो मिलिअँपिअर दिसत असतील तर रेग्युलेटरचा कनेक्टर, किल्लीचा स्विच, दिव्यांची तार असे एकेक वेगळे करत जावे, आणि ज्याला काढताच माप खाली येते तो भाग बदलावा. गळती नसलेली बॅटरीही नुसती पडून राहिल्याने आपोआप उतरते, म्हणून यंत्र काही महिने उभे राहणार असेल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवावी आणि दर महिन्याला व्होल्ट मोजून माप १२.४ च्या खाली जाताच बॅटरी चार्जरवर लावावी.